बोटीच्या तळाला लावलेल्या झिंक प्लेटा वर्षात निम्म्या झिजल्या. रंग मारला तर टिकतील का?

कृपा करून रंग मारू नका. आणि प्लेटा झिजल्या म्हणजे माल खराब होता, असंही समजू नका. झिजण्यासाठीच त्या लावतात.

खारं पाणी वीज वाहून नेतं. त्यात लोखंड आणि जस्त (म्हणजेच झिंक) एकमेकांना जोडलेले असले की त्यांचा सेल, म्हणजे छोटी बॅटरीच, तयार होते. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून ते विरघळतं आणि तुमचा पत्रा वाचतो. हिशेब रोखठोक आहे: एक किलो जस्तातून साधारण 780 अँपिअर-तास मिळतात. म्हणजे वर्षभर एक अँपिअर प्रवाह लागला, तर सुमारे 11 किलो जस्त गेलंच.

मी बोटींच्या दुरुस्तीचं काम करतो. एका पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, एक बोट वर काढली होती. आदल्या वर्षी तळ रंगवताना रंगाऱ्याने प्लेटांवरही हात फिरवला होता. रंगामुळे पाणी जस्ताला लागलंच नाही, म्हणून प्लेटा अगदी कोऱ्या, कडासुद्धा शाबूत. मालक समाधानात होते. शेजारीच सुकाणूच्या पात्यावर बोटाचं पेर मावेल एवढे खड्डे पडले होते. मी एका ठिकाणी हातोडीचं टोक टेकवलं, ते आरपार गेलं. मालकांना ते दाखवताना मला फार वाईट वाटलं.

प्लेट निम्मी झिजली की बदला, तुमची वेळ आलीच आहे. बोल्टवर बसवणार असाल तर खालची जागा घासून चकचकीत करा. मध्ये रंग किंवा गंज राहिला तर जोडणी तुटते आणि प्लेट नुसती लोंबकळत राहते. भंगारातून ओतलेलं स्वस्त जस्त घेऊ नका. त्यात लोखंडाचा जरासा जरी अंश असला तरी वर साय धरते आणि प्लेट काम थांबवते. बोट कायम गोड्या पाण्यात असेल तर जस्ताऐवजी मॅग्नेशियम लागतं, पण समुद्रात ते बघता बघता संपतं.

आणि हे सगळं फक्त पाण्याखालच्या भागासाठी. पाण्याच्या रेघेच्या वर, जिथे लाटा उडतात, तिथे प्लेटेचा उपयोग नाही. तिथला रंगच नीट सांभाळायला हवा.

नव्या प्लेटा लावल्यावर एक-दोन महिन्यांनी ओहोटीला बोट टेकली की बघा. राखाडी, खरबरीत दिसल्या तर काम चालू आहे. कोऱ्या दिसल्या तर त्याच दिवशी बोल्ट उघडा.