वाघाचा भ्रमणमार्ग, संचारमार्ग की संचारपट्टा?

तुम्ही विचारलंय की वाइल्डलाइफ कॉरिडॉरला, म्हणजे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जनावरं जिथून ये-जा करतात त्या जागेला, पेपरात कधी भ्रमणमार्ग छापतात कधी संचारमार्ग, तर विकास आराखड्यावरच्या लेखात नेमकं काय लिहावं.

चूक दोन्ही नाहीत, पण मला त्यातला 'मार्ग' खटकतो. मार्ग म्हटलं की डोळ्यासमोर रस्ता येतो, म्हणजे एक रेघ, आणि मग आराखडा करणाराही नकाशावर रेघच मारतो आणि ती जरा इकडे सरकवली तर काय बिघडलं असं वाटायला लागतं. वाघ रेघेवरून चालत नाही हो! २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ आठवतोय ना, गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा प्रवास कळला. यवतमाळ, तेलंगणातलं आदिलाबाद असं करत १३०० किलोमीटरच्या वर चालून तो बुलढाण्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या वाटचालीचा नकाशा बघा, नुसता दोऱ्याचा गुंता, किती ठिकाणी मागे वळलाय, शेतंच्या शेतं पार केलीत.

आता भ्रमण की संचार. भ्रमणात हौस आहे, देशभ्रमण, भ्रमंती वगैरे. वयात आलेला वाघ हौसेनं फिरत नसतो, त्याला स्वतःचा इलाखा आणि जोडीदारीण शोधायची असते. संचार म्हणजे मोकळा वावर, आणि संचारबंदी लागली की काय होतं ते २०२० मध्ये आपण सगळ्यांनीच भोगलंय.

म्हणून मी 'संचारपट्टा' लिहितो. पट्ट्याला रुंदी असते, त्यात नाला, गायरान, सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेली विदर्भातली जमीन, कुणाचं तुरीचं वावर, सगळं मावतं, आणि आराखड्यात जपायचं असतं ते हे सगळंच.

पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या ४४ नंबरच्या हायवेवर मनसर-खवासा भागात जनावरांसाठी ९ ठिकाणी खालून वाट ठेवलीय, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत रुंद. त्यांनाही सरसकट भुयारी मार्ग म्हणतात, पण भुयार कुठाय तिथे? जमीन आहे तिथेच आहे, खांबांवर उचललाय तो गाड्यांचा रस्ता. तिथे साधं 'पुलाखालची वाट' लिहा, कुणालाही कळेल.

आणि लँडस्केपला, म्हणजे जंगलं आणि त्यांच्या मधली गावं-शेतं मिळून होणाऱ्या सलग प्रदेशाला, भूदृश्य नको, ते चित्रकारांना राहू द्या. 'कान्हा-पेंच भूप्रदेश' बिनधास्त लिहा.