आधी ताळेबंद वाचता येऊ दे

पत्र: मी चंद्रपूर जिल्ह्यात एका उघड्या कोळसा खाणीवर डंपर ऑपरेटर आहे. निवृत्तीला सहा वर्षं राहिली. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला 'ग्रीन फायनान्स आणि जेंडर' या विषयात इंग्लंडला जाऊन मास्टर्स करायचंय. घर तारण ठेवून ३० लाखांचं कर्ज काढावं लागेल. मला हे चार दिवसांचं फॅड वाटतं. शिवाय ज्या कोळशावर आमचं घर चाललं, तो बंद पाडणाऱ्यांत ही जाऊन बसणार का? बँकेची परीक्षा दे म्हणतो, मुलीच्या जातीला टेबलावरचं काम बरं. ऐकत नाही. काय करावं? (एक वडील)

नमस्कार.

घराचा प्रश्न आहे, म्हणून कर्जाचं आधी बोलू. हे कर्ज यंदा काढू नका. साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची फेड धरली, तर ३० लाखांचा हप्ता महिन्याला ४० हजारांच्या वर जातो. शिकत असतानाचं व्याज वेगळंच. कामाचा अनुभव नसलेल्या बी.कॉम. मुलीला, नुसत्या मास्टर्सच्या बळावर, हा हप्ता सुखानं फेडता येईल असा पगार पहिल्याच वर्षी मिळेल याची खात्री मी देणार नाही. आणि व्हिसाची मुदत संपली की परतावं लागतं, हे एजंट शेवटी सांगतात.

पण फॅड म्हणाल, तर नाही. केंद्र सरकारनं जानेवारी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठीच घेतलेल्या कर्जाचे रोखे, काढले आणि १६ हजार कोटी उभे केले. इंदूर महापालिकेनं त्याच वर्षी २४४ कोटींचे हरित रोखे आणले, नर्मदेचं पाणी शहरात चढवायला लागणाऱ्या विजेसाठी सौर प्रकल्प उभारायला. असा पैसा घेतला की तो नेमका कशावर गेला आणि त्यातून किती कार्बन वाचला, याचा हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब लिहिणारा कोणीतरी लागतो, तपासणारा दुसरा लागतो. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं बाजारमूल्यानं पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केलाय. त्यात धूर आणि पाण्याबरोबर स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचे पगारही वेगवेगळे मांडावे लागतात. बँकांनी हरित ठेवी घेतल्या, तर त्यांचा वापर कसा करायचा याची चौकट रिझर्व्ह बँकेनं १ जून २०२३ पासून लागू केली. म्हणजे ही कामं सीएच्या ऑफिसात, कर्जफेडीची कुवत जोखणाऱ्या पतमानांकन संस्थांत, बँकेच्या जोखीम विभागात आहेत. तुम्ही जिची परीक्षा दे म्हणता, त्याच बँकेत.

'जेंडर' हा शब्द पदनामात असलेल्या नोकऱ्या मात्र मोजक्याच. बहुतेक आंतरराष्ट्रीय संस्थांत, कंत्राटी, आणि अनुभव मागणाऱ्या. तिथं पोचायची वाट वित्ताच्या दारातून जाते. हवामानबदलाच्या कामांना पैसा देणाऱ्या ग्रीन क्लायमेट फंड या आंतरराष्ट्रीय निधीकडे कोणताही प्रकल्प पाठवायचा, तर त्यात बायकांवर काय परिणाम होईल याचा अभ्यास आणि कृती आराखडा जोडावा लागतो. आपल्याकडे नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या बँकेला २०१५ मध्ये या फंडाची मान्यता मिळाली. असा आराखडा लिहिणाऱ्याला प्रकल्पाचा रोखप्रवाह वाचता येत नसेल, तर त्याची पानं परिशिष्टात जाऊन पडतात. म्हणून म्हणतो, आधी ताळेबंद.

आता कोळशाचं. देशानं निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी, म्हणजे जितका कार्बन सोडू तितका शोषला जावा यासाठी, २०७० साल धरलंय. तुमच्या निवृत्तीला त्याचा धक्का नाही. पण खाणी धोरण नसतानाही बंद होतात, कोळसा संपतो किंवा काढायला परवडत नाही. खाण बंद करायच्या खर्चासाठी कंपनीला एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामाशिवाय काढता न येणाऱ्या खात्यात, पैसे बाजूला ठेवावे लागतात, हे तुम्ही युनियनच्या सभेत कधीतरी ऐकलं असेल. तो पैसा कुणापर्यंत पोचतो, हा खरा प्रश्न आहे आणि तुमच्या मुलीचा विषय नेमका तोच आहे.

तुमच्या खाणीचा हजेरीपट आठवून पाहा. त्यावर बायका किती, आणि कोणत्या कामावर? १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम ४६ नं बायकांना भूमिगत कामाला बंदी होती आणि वरच्या कामाला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढीच मुभा. २०१९ मध्ये सरकारनं त्यातून सूट दिली, तीही अटींसह: भूमिगत फक्त तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामाला, तेही दिवसा. इतकी वर्षं कायद्यानंच त्यांना दाराबाहेर ठेवलं, तर पटावर नावं येणार कुठून? पण खाणीवर पोट त्यांचंही चालतं. गेटासमोर खानावळ चालवणारी, कंत्राटदाराकडे झाडलोट करणारी, वसाहतीत धुणीभांडी करणारी. खाण बंद झाली तर तुमच्यासारख्या कायम कामगाराची दुसरीकडे बदली होईल, पीएफ आणि पेन्शन आहेच. खानावळवालीच्या हातात तिचं काही बुडालं हे दाखवायला एक कागद नसतो. नवा धंदा काढायला ती बँकेत गेली, तर सातबारा आणि घर बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. नुसत्या पटावरून नुकसानभरपाई मोजली, तर हिशेब बिनचूक जुळतो आणि तिचं नाव त्यात येतच नाही.

नव्या उद्योगातही हे आपोआप सुधारत नाही. अक्षय ऊर्जेतल्या जागतिक संस्थेनं, आयरेनानं, २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या क्षेत्रात बायका ३२ टक्के निघाल्या, तेल आणि वायू उद्योगातल्या २२ टक्क्यांपेक्षा बऱ्या. पण कार्यालयीन कामात ४५ आणि विज्ञान-अभियांत्रिकीच्या कामात २८. तुमचं 'टेबलावरचं काम बरं' जगभर असंच राबवलं जातंय. रागावू नका, पण हे वाक्य लेकीसमोर पुन्हा म्हणू नका. हिशेब तपासायला तिला सौर प्रकल्पावर उन्हात उभं राहावंच लागेल.

उलटं उदाहरण साताऱ्यातलं. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ मध्ये सुरू झाली. परवान्याच्या पहिल्या अर्जावर बायकांचे अंगठे होते म्हणून रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला. बायका शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवला. तारण नसलेल्या बाईची पत कशी जोखायची, हे अशा ठिकाणी कळतं. इंग्लंडच्या वर्गात त्यावर निबंध लिहायला मिळेल फार तर.

म्हणून क्रम असा ठेवा. बी.कॉम.ला ६० टक्क्यांच्या वर गुण पाहिजेत, नाबार्डच्या ग्रेड 'ए' परीक्षेत पदवीचे गुण पाहतात. ५५ टक्क्यांवर वाणिज्य पदवीधराला सीए इंटरमीजिएटला थेट प्रवेश आहे. माझा कल सीएकडे आहे, कारण आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीत, चार पैसेही मिळतात आणि शाश्वतता अहवालाचं काम करणारी फर्म नागपूर-पुण्यात शोधता येते. तिला सीए नकोच असेल तर वित्तातलं एमबीए, पण कॉलेज नीट पाहून. परीक्षेनंतरच्या सुट्टीत दोन महिने महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) जवळच्या लोकसंचालित साधन केंद्रात बसू दे. बचत गटांच्या कर्जवह्या वाचू दे: कर्ज कुणी घेतलं, कशासाठी, फेडलं कुणी. ऑनलाइन प्रमाणपत्रांचे गठ्ठे तूर्त नकोत.

परदेश त्यानंतर. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते आणि मिळाली तर शुल्क, राहणं, विमान सगळं देते. राज्य सरकारच्याही परदेशी शिष्यवृत्त्या आहेत, अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही, तो कळवा. पहिल्या दोन वर्षांचे गुणही कळवा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या: सीए की एमबीए, आणि का, एवढंच एका पानात. ती कुठल्या विद्यापीठाचं नाव घेते, याची मला आत्ता गरज नाही.