दुसरं रिव्हॉल्व्हर घेताय? .२२ घ्या, पण हाताला पहिल्यासारखं लागणारं

उत्तर आधी देऊन टाकतो: .२२ कॅलिबरचं, म्हणजे बारीक गोळीचं, घ्या. सहा इंचांच्या आसपासची नळी, स्क्रूने हलवता येणारी मागची साइट (नेम धरायची खाच), डबल अ‍ॅक्शन (ट्रिगर दाबला की हॅमर, म्हणजे घोडा, आपोआप मागे जाऊन पडतो असं), आणि वजनाला-मुठीला तुमच्याकडच्या रुगर जीपी१०० रिव्हॉल्व्हरच्या जवळ जाणारं. एवढं पुरत असेल तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

दुसरं कोणतं घ्यावं असं विचारताना तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. ओहायोत राहता, ग्रीन कार्ड झालंय, रुगरचं चार इंची जीपी१०० आहे .३५७ मॅग्नममधलं आणि त्यात बहुतेक वेळा .३८ स्पेशल, म्हणजे त्यातच चालणारं कमी जोराचं काडतूसच, वाजवता. पंधरा यार्डांवर बरं जमतं, पंचवीसवर कागदभर भोकं पडतात. वय अठ्ठेचाळीस. शिकार नाही, घरात संरक्षणासाठी ठेवायचं नाही, फक्त कागदावर नेम. यादीत स्मिथ अँड वेसनचं सहा इंची ६८६, नवं कोल्ट पायथन आणि 'एखादं .२२ वगैरे'. तुम्ही त्या शेवटच्याला 'वगैरे' लावलंत म्हणून हे एवढं लांबण.

पंचवीस यार्डांच्या बी-८ कागदावर (नेमबाजीच्या टार्गेटचा एक ठरलेला प्रकार) दहाचं वर्तुळ ३.३६ इंचांचं असतं. वाळूच्या पिशवीवर टेकवून, घाई न करता, बऱ्या गोळ्या घालून तुमचं जीपी१०० त्या वर्तुळात बसायला हवं. ६८६ घेण्याआधी हे एकदा करून बघाच. पिशवीवर भोकांचा गट जमला आणि हातात धरल्यावर पांगला, तर रिव्हॉल्व्हरचा दोष नाही हे नक्की झालं. मग सहा इंची ६८६ आणून काय बदलणार? दोन्ही साइटींमधलं अंतर वाढेल, त्याचा थोडा फायदा होईल. पण काडतूस तेच, खर्च तोच, आणि गोळी सुटायच्या क्षणी हाताला बसणारा धक्काही जवळपास तोच.

खरा चोर बहुतेक वेळा दचकणं हा असतो. स्वतःला कळत नाही, कारण नेमकं तेव्हाच नळी उडते आणि सगळं झाकलं जातं. रिव्हॉल्व्हरवर हा चोर पकडणं फार सोपं आहे. सिलिंडरमधल्या सहापैकी तीन-चार चेंबरमध्ये (काडतूस बसायच्या भोकांत) भरलेली काडतुसं घाला, उरलेल्यांत वाजवलेली रिकामी. नळी टार्गेटकडेच ठेवून सिलिंडर न बघता थोडं फिरवा आणि हातानेच हळू बंद करा. आता प्रत्येक वेळी गोळी सुटणारच आहे असं समजून दाबत जा. रिकाम्या चेंबरवर हॅमर पडला की पुढच्या साइटीकडे बघा. ती जागच्या जागी राहिली तर उत्तम. पण बहुतेकांची साइट तिथे खाली गोता खाते, डावखुरा नसेल तर जरा डावीकडेही. हा गोता म्हणजेच तुमची पंचवीस यार्डांवरची पांगापांग.

तो जातो तो गोळ्या वाजवूनच, आणि त्याही धक्का जवळजवळ नसलेल्या. इथे खर्चाचा हिशोब येतो. .२२ ची साधी गोळी साधारण आठ-दहा सेंटला पडते, .३८ स्पेशल त्याच्या चौपट-पाचपट. महिन्याला ठरवलेल्या पैशांत तुम्ही पाचपट वेळा ट्रिगर दाबणार असाल तर सहा महिन्यांनी तुमचं जीपी१०० च तुम्हाला नवं वाटेल. त्याच पैशात ६८६ घेऊन हा फायदा मिळत नाही.

.२२ म्हणजे पोरांचं खेळणं, असं आपल्याकडे फार जण समजतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं ते .२२ नेच, त्या स्पर्धेत तीच कॅलिबर चालते. तिथे प्रिसिजनच्या कागदावर दहाचं वर्तुळ फक्त ५० मिलिमीटरचं असतं. तुमच्या बी-८ वरचं साधारण ८५.

आता 'हाताला पहिल्यासारखं' हे का म्हणतोय. दुसऱ्या महायुद्धानंतर स्मिथ अँड वेसनने के-फ्रेमवर, म्हणजे मधल्या आकाराच्या सांगाड्यावर, टार्गेटची तीन भावंडं काढली, के-२२, के-३२ आणि के-३८. लहान कॅलिबरच्या नळीत पोलाद जास्त उरतं, म्हणजे ती जड होणार. त्यांनी नळीवरच्या पट्टीची रुंदी कमी-जास्त करून भरलेल्या तिघांचंही वजन सारखं आणलं. आज .२२, उद्या .३८ उचललं तरी हाताला फरक कळू नये, ही त्यामागची कल्पना. १९५७ मध्ये मॉडेलला नंबर आले तेव्हा के-२२ चं झालं मॉडेल १७ आणि के-३८ चं मॉडेल १४. बाजारात आजही कुठेतरी जुनं १७ सापडतं. चांगल्या स्थितीतलं मिळालं आणि विकणारा पिढीजात दागिना विकल्यासारखी किंमत सांगत नसेल, तर मी नव्याच्या आधी तेच उचलेन.

नव्यात तुमच्यासाठी दोनच. पहिलं रुगरचंच जीपी१००, .२२ मधलं: दहा गोळ्यांचं, साडेपाच इंची नळी. फ्रेम तीच, मूठ तीच, सिलिंडर उघडायचं बटणही तसंच, त्यामुळे तुमच्या हाताला काही नव्याने शिकावं लागणार नाही. दुसरं स्मिथ अँड वेसन ६१७, सहा इंची, हेही दहा गोळ्यांचं. नळीखाली टोकापर्यंत पोलाद असल्यामुळे सव्वा किलोच्या आसपास भरतं आणि पुढून जड लागतं. उभं राहून एका हाताने बराच वेळ नेम धरायचा असेल तर हे जडपण कुणाला आवडतं, कुणाचा खांदा भरून येतो. माझं मत ६१७ कडे झुकतं, कारण सिंगल अ‍ॅक्शनचा, म्हणजे हॅमर आधी अंगठ्याने मागे ओढून दाबायचा, ट्रिगर सहसा जास्त स्वच्छ सुटतो. पण तुमच्याकडे आधीच रुगर आहे. दोन्ही हातात घेऊन बघा, आणि फरक नगण्य वाटला तर रुगरच घ्या. ६१७ च्या बाजूला दिसणारं किल्लीचं छोटं भोक, म्हणजे आतलं कुलूप, यावर लोक तावातावाने भांडतात. कागद फोडणाऱ्याने त्यात पडू नये.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. .२२ रिव्हॉल्व्हरचा डबल अ‍ॅक्शन ट्रिगर मोठ्या भावापेक्षा जडच असतो. .३८ मध्ये प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) मध्यभागी वेगळा बसवलेला असतो; .२२ मध्ये पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला. ती कड चेपायला हॅमर जोरात पडावा लागतो, म्हणून स्प्रिंग कडक. लोक हौसेने हलकी स्प्रिंग टाकतात आणि मग दहात एक गोळी वाजत नाही म्हणून गोळीच्या कंपनीला शिव्या देतात. स्प्रिंगला हात लावू नका. त्या जड ट्रिगरवर सरळ दाबायला शिकलात की जीपी१०० चा ट्रिगर लोण्यासारखा लागेल.

गोळी नाही वाजली तर? नळी टार्गेटकडेच ठेवा आणि निदान तीस सेकंद थांबा. घाईत पुन्हा ट्रिगर दाबू नका. डबल अ‍ॅक्शनमध्ये दाबलं की सिलिंडर पुढे सरकतं, आणि उशिरा पेटणारी गोळी नळीसमोर नसताना फुटू शकते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर मात्र तिथेच थांबायचं. रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळी बघायची. गोळी आत अडकली असेल आणि तुम्ही दुसरी मागे पाठवलीत, तर नळी गेलीच.

रुगरचं सिंगल-सिक्स हे .२२ रिव्हॉल्व्हर दुसऱ्या एकाने तुम्हाला सुचवलंय. काऊबॉय धाटणीचं, १९५३ पासूनचं, मजबूत आणि देखणं. एकेक काडतूस बाजूच्या खिडकीतून भरा, एकेक ढकलून काढा. निवांत दुपारसाठी मस्त, पण डबल अ‍ॅक्शन नाही, त्यामुळे तुमच्या कामाचं नाही. तरी जुनं घ्यायचं झालंच तर एवढं पाहा: १९७३ च्या आधीच्यात ट्रान्स्फर बार (ट्रिगर दाबल्यावरच हॅमरचा मार पिनपर्यंत पोचू देणारी सुरक्षेची पट्टी) नसतो, हॅमरखालचं चेंबर रिकामंच ठेवावं लागतं. रुगर ते फुकट बदलून देतं. आणि त्याबरोबर मिळणाऱ्या .२२ मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये साधी .२२ घालायची नाही. चेंबर रुंद असतं, काडतूस फाटतं.

पायथन. २०२० मध्ये पुन्हा आलं तेव्हा छापील किंमत १,४९९ डॉलर होती. ते म्हणजे पैठणी आहे. घ्या की, जरूर घ्या, पण रोज नेसायचं लुगडं आधी घरात हवं.

डोळ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण अठ्ठेचाळिशीत ते विचारायलाच हवं. पुढची साइट धूसर आणि टार्गेट लख्ख, असं दिसत असेल तर तुमचा मेंदू टार्गेटकडे पळणार आणि साइट भरकटणार. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात तर मान मागे टाकून खालच्या भिंगातून बघायची सवय लागते, त्यात सगळं शरीरच वाकडं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना हात लांब केल्यावर पुढची साइट डोळ्यापासून किती अंतरावर येते ते मोजून न्या आणि त्या अंतराचा एकच नंबर मागा. बहुतेकांना दूरच्या नंबरात अर्धा किंवा पाऊण डायॉप्टर वाढवला की पुढची साइट कोरीव दिसते आणि टार्गेट जरासं विरघळतं. तसंच हवं. भिंग पॉलिकार्बोनेटचं घ्या. त्यावरही नाही जमलं तर ६१७ वर मागच्या साइटीखाली रेड डॉटच्या (नेमासाठी लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटीच्या) पट्टीसाठी आधीच भोकं पाडलेली असतात. मी डॉटला कमी लेखत नाही, पण आधी चष्मा.

वापरलेलं घेताय तर विकणाऱ्याची परवानगी घेऊन, रिकामं असल्याची दोघांनी खात्री करून, चार जागा बघा. सिलिंडर उघडून प्रत्येक चेंबरची मागची कड बोटाने चाचपा. रिकामं वाजवून वाजवून पिनने तिथे खड्डा पाडलेला असतो, नखाला टोचतो, आणि त्या चेंबरमधलं काडतूस पुढे अडकत राहतं. नळी आणि सिलिंडर यांच्यामधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पत्र्यांनी) मोजा. चार ते आठ हजारांश इंच ठीक, दहाच्या वर नको. सिलिंडर पुढे-मागे हलवून बघा, खटखट वाजता कामा नये. शेवटी सिलिंडरला बोटाने अगदी हलका अडसर देत हॅमर सावकाश मागे ओढा. हॅमर मागे अडकायच्या आत सिलिंडर कुलूपबंद व्हायला हवं, प्रत्येक चेंबरवर. यात हॅमर सोडायचा नाही, अंगठ्याने धरून हळू खाली आणायचा.

घरी रिकाम्या सरावासाठी हार्डवेअरच्या दुकानात भिंतीत ठोकायचे पिवळे प्लॅस्टिकचे अँकर मिळतात, चार-सहा नंबरचे, पाऊण-एक इंचाचे. ते .२२ च्या चेंबरमध्ये बरोब्बर बसतात आणि पिनचा मार खातात. शंभराची पुडी किरकोळ पैशात येते. त्या खोलीत खरी गोळी एकही नको.

रेंजवर शे-दीडशे गोळ्यांनंतर .२२ चं सिलिंडर कुरकुरायला लागतं. नवं काडतूस अंगठ्याने ढकलल्याशिवाय बसत नाही, कधी सिलिंडर बंदच होत नाही. बऱ्याचदा कारण हे: न जळलेल्या दारूचे कण एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या, चांदणीखाली अडकतात. रिकामं करताना नळी आभाळाकडे करून रॉड एकदाच खडकन दाबा, म्हणजे कचरा चांदणीखाली न जाता काडतुसांबरोबर पडतो. बंद रेंजवर छताकडे नळी करण्याबद्दल नियम असतात, तिथे ती किती वर करू देतात ते आधी विचारा. खिशात जुना टूथब्रश ठेवा. तीच काळजी जीपी१०० लाही: .३८ छोटं असल्यामुळे .३५७ च्या चेंबरमध्ये पुढे काजळीचं कडं साचतं. एक दिवस .३५७ आत जायला नकार देतं, तेव्हा लोक रिव्हॉल्व्हर बिघडलं म्हणतात. पितळी ब्रश फिरवला की संपलं. शिसं हाताला लागतंच, त्यामुळे खाण्याआधी साबण आणि गार पाणी.

कायद्याचं, तुमच्यापेक्षा इतर वाचणाऱ्यांसाठी. एच-वनसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत. रेंजवर भाड्याने घेतलेली हातात धरली तरी तीही त्यात मोजली जाऊ शकते. शिकारीच्या परवान्यासारखे काही मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच वापरा. मित्राने नेलं म्हणून गेलो, हे पुढे ग्रीन कार्डच्या वेळी सांगत बसावं लागू नये. न्यू जर्सीवाल्यांना प्रत्येक हँडगनसाठी वेगळं परमिट लागतं, तेव्हा 'दुसरं' म्हणजे पुन्हा पहिल्यापासून कागदपत्रं. आणि पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांना: भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात, हौसेने एकामागून एक रिव्हॉल्व्हर घेणं हा तिथला विषयच नाही. रायफल क्लब गाठा आणि एअर पिस्तूलने सुरुवात करा.

गोळ्यांचं राहिलं. एकदम पाचशेची वीट घेऊ नका. चार-पाच निरनिराळ्या कंपन्यांची पन्नास-पन्नासची डबी आणा, सगळ्या ४० ग्रेन वजनाच्या, स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या (नेहमीच्या वेगाच्या). पिशवीवर टेकवून पंचवीस यार्डांवर प्रत्येकीचे दोन गट काढा आणि कागदावर नाव लिहून ठेवा. .२२ फार लहरी असते, एकाच मॉडेलच्या दोन रिव्हॉल्व्हरांना वेगवेगळ्या गोळ्या मानवतात. जी मानवेल तिची मग वीट घ्या. तुमच्या जीपी१०० साठी तसाच प्रयोग १४८ ग्रेनच्या वॉडकटरवर (सपाट तोंडाच्या गोळीवर) करा. धक्का सौम्य, आणि कागदात पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल भोक पडतं, त्यामुळे रेघेवरचा गुण मोजताना वाद होत नाही.