शरीराला कर्बोदकं, प्रथिनं, मेद आणि न्यूक्लिक आम्लं लागतात, तर ही चारही आहारातून घ्यावीच लागतात का?

नाही, चारही नाही. मी जीवशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न कुणी विचारला की मला खरंच आनंद होतो. पुस्तकात ही चार नावं शेजारीशेजारी असतात, त्यामुळे आहारातही चौघांचं महत्त्व सारखंच असावं असं वाटतं. पेशीला चारही लागतात हे खरं, पण जे शरीराला स्वतः बनवता येत नाही तेवढंच बाहेरून यावं लागतं.

न्यूक्लिक आम्लांचं लवकर आटोपतं. खाल्लेला डीएनए (हेही एक न्यूक्लिक आम्लच) आतड्यात तुटतो, आणि आपल्या डीएनएचे घटक पेशी स्वतः घडवतात. त्या कामाला फोलेट हे जीवनसत्त्व लागतं, ते मात्र अन्नातूनच मिळतं.

खरी गंमत प्रथिनांत आहे. आपली प्रथिनं 20 प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यातली 9 (लायसिन, ल्युसिन, ट्रिप्टोफॅन वगैरे) प्रौढ माणसाचं शरीर बनवू शकत नाही. म्हणजे गरज आहे ती या अमिनो आम्लांची. खाल्लेलं प्रथिन जसंच्या तसं कुठे जाऊन बसत नाही. जठरात पेप्सिन आणि लहान आतड्यात ट्रिप्सिनसारखी विकरं त्याचे तुकडे करतात. इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं ते याचमुळे: ते 51 अमिनो आम्लांचं प्रथिन आहे, गिळलं तर पचून जाईल. कोलेजन या त्वचेतल्या प्रथिनाची पावडर घेतली की ते कोलेजन सरळ त्वचेत जातं, हा समजही म्हणून सोडून द्यावा. शिवाय कोलेजनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतंच.

जास्तीची अमिनो आम्लं साठवायला शरीरात कोठार नाही. त्यांतला नायट्रोजन यकृतात युरिया होऊन लघवीवाटे जातो. त्यामुळे प्रथिनं रोज हवीत, निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम. धान्यांत लायसिन कमी, कडधान्यांत मेथिओनिन (हेही त्या 9 पैकीच) कमी, म्हणून दोन्ही खावीत. एकाच जेवणात हवीत असं नाही, दिवसभरात आली तरी चालतात.

मेदांपैकी लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्लं अन्नातून यावीच लागतात. कोलेस्टेरॉल यकृत स्वतः बनवतं.

आणि कर्बोदकं? अन्नातून आलंच पाहिजे असं एकही कर्बोदक नाही, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. ग्लुकोज कमी पडलं तर यकृत ते अमिनो आम्लांपासूनही तयार करतं. पण यावरून कर्बोदकं बंद करायला निघू नका. प्रथिनं पुरेशी मिळत नसतील तर ती अमिनो आम्लं स्नायूंतून काढली जातात. शिवाय सेल्युलोजसारखे तंतू हीसुद्धा कर्बोदकंच, ती पचत नाहीत पण पोट साफ राहायला लागतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर कर्बोदकं आणि प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.