वाचकांचे प्रश्न : दिसत नाही म्हणून चालणेही थांबवावे का?

प्रश्न : माझे सासरे ७८ वर्षांचे असून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. गेल्या पावसाळ्यात ते एकदा मोरीच्या उंबऱ्याला अडखळून आणि एकदा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पडले. हाड मोडले नाही, परंतु तेव्हापासून आम्ही त्यांना सोबतीशिवाय उठू देत नाही. त्यामुळे ते चिडचिड करतात. आमचे काही चुकते आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, पण उपाय अंगाशी येण्याची शक्यता अधिक. बसून राहिलेल्या वृद्धाच्या पायांतले बळ आणि तोल काही आठवड्यांतच घटतो, आणि मग जिथे तो एरवी नुसता अडखळला असता तिथे कोसळतो. बंधन घालण्याआधी घर बदलावे.

काचबिंदूत समोरचे दिसत असतानाच कडेचे, आणि पुष्कळदा खालच्या बाजूचे, दिसेनासे होते. म्हणूनच वर्तमानपत्राचे मथळे वाचणाऱ्या माणसाला पायाजवळचा उंबरा दिसत नाही आणि घरच्यांना मात्र तो त्याचा धांदरटपणा वाटतो. शिवाय फिक्या आणि गडद रंगांतला फरकही नीट कळत नाही. शहाबादी फरशीचा जिना सगळा एकाच राखाडी रंगाचा असल्याने वरून पाहताना पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात आणि शेवटची पायरी तर खालच्या जमिनीचाच भाग वाटते. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटे रुंदीचा, न घसरणारा पिवळा पट्टा लावावा. मोरीच्या उंबऱ्यालाही तसाच. सरकणारी पायपुसणी काढून टाकावीत, मोरीत भिंतीला पक्का दांडा बसवावा आणि रात्री पलंगापासून संडासापर्यंत दिवा राहू द्यावा.

हे वरवरचे सल्ले नव्हेत. न्यूझीलंडमध्ये ७५ वर्षे व त्यावरील, दृष्टी फार अधू झालेल्या ३९१ जणांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांच्या घरी ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे सुरक्षितपणे करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) येऊन असे बदल सुचवले त्यांचे पडणे ४१ टक्क्यांनी कमी झाले. त्याच चाचणीत काहींना व्यायामही दिला होता; त्याचा लाभ मात्र तो नेमाने करणाऱ्यांनाच झाला.

सासऱ्यांचा चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल, तर खालचा भाग वाचनाच्या अंतराचा असल्याने पायरी धूसर दिसते. रोज बाहेर फिरणाऱ्यांना चालण्यासाठी फक्त दूरचा वेगळा चष्मा उपयोगी पडतो. क्वचितच बाहेर पडणाऱ्यांचे बाहेरचे पडणे मात्र अशा चष्म्याने वाढल्याचे २०१० सालच्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत आढळले होते, त्यामुळे नेत्रतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. सोबत मोतीबिंदू आहे का, हेही तपासून घ्यावे.

एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही, ती म्हणजे थेंब. काचबिंदूसाठी दिल्या जाणाऱ्या टिमोलॉलने काही वृद्धांची नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि उठताना चक्कर येते. तेव्हा बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब डॉक्टरांकडून मोजून घ्यावा. थेंब मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

अनोळखी जागी सोबत लागेलच. त्या वेळी त्यांचा दंड धरून त्यांना पुढे ढकलू नका. तुमचा कोपर त्यांना धरू द्या, अर्धे पाऊल पुढे चाला आणि पायरीशी थांबून ती चढायची आहे की उतरायची, हे सांगा.