शेवटच्या दोनशे मीटरला कोण दमतं?

मागच्या लेखात डर्बीविषयी लिहिताना ब्लॅक कॅव्हियार या ऑस्ट्रेलियन घोडीचा ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं डर्बी सोडून तिच्याबद्दलचीच निघाली. म्हणून या वेळी फक्त कमी अंतराच्या शर्यती. काहींनी तिला ‘तो घोडा’ केलंय. ती घोडी होती.

गिरगावातून एक वाचक: २५ शर्यती आणि २५ विजय! पण आमचे आजोबा म्हणतात, कधीच न हरणारा घोडा तगड्या घोड्याशी धावलेलाच नसतो. खरं काय?

आजोबा महालक्ष्मीच्या रेसकोर्सला बऱ्याच वेळा खिसा हलका करून आलेले दिसतात. असा संशय तिथेच अंगी बाणतो. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं.

आधी हकीकत. ती जन्मली २००६च्या ऑगस्टमध्ये. प्रशिक्षक पीटर मूडी यांनी मेलबर्नच्या लिलावात तिला २ लाख १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरना घेतलं. मालक म्हणजे कुणी शेख किंवा उद्योगपती नव्हे, मित्रमंडळींचा एक गट. एप्रिल २००९मध्ये पहिली शर्यत, एप्रिल २०१३मध्ये शेवटची. चार वर्षांत २५ शर्यती, त्यातल्या १५ ‘ग्रुप वन’, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या.

आता आजोबांचा मुद्दा. ती निवडून धावली, हे खरं आहे. एक शर्यत सोडली तर सगळ्या ऑस्ट्रेलियातच, आणि अंतर १००० ते १४०० मीटर, त्यापुढे कधीच नाही. पण प्रतिस्पर्धी कच्चे होते का? तिच्यामागे वारंवार दुसरा येणारा घोडा म्हणजे ‘हे लिस्ट’. मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन मैदानावरची न्यूमार्केट हँडिकॅप ही शर्यत तिने २०११मध्ये जिंकली. २०१२मध्ये तिथे ती नव्हती, तर ‘हे लिस्ट’ने जिंकली. दुसरा येणारा घोडा असा असेल तर पहिल्याला दोष देता येत नाही.

शिवाय हँडिकॅप म्हणजे काय, तेही आजोबांना ठाऊक असेलच. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, जॉकी हलका पडला तर खोगिरासोबत शिसं. त्या २०११च्या शर्यतीत तिच्यावर ५८ किलो होते. तरीही १२०० मीटर १ मिनिट ७.३६ सेकंदांत. ताशी सुमारे ६४ किलोमीटर झाले, तेही उभ्याने सुरुवात करून! आपल्या कोस्टल रोडच्या बोगद्यात हिला ई-चलान आलं असतं.

दादरहून एक वाचक: लंडनजवळच्या अॅस्कॉटची तिची शर्यत व्हिडिओवर पाहिली. जेमतेम जिंकली. जॉकीने घोळ घातला असं म्हणतात. घातला का?

घातला. पण तेवढंच सांगून थांबलो तर अर्धीच गोष्ट होईल.

२३ जून २०१२, डायमंड ज्युबिली स्टेक्स, सुमारे १२०० मीटर. तिची बाविसावी शर्यत आणि परदेशातली एकुलती एक. इतका लांबचा विमानप्रवास करून आलेली घोडी. अॅस्कॉटची सरळ धावपट्टी शेवटाकडे चढत जाते. जॉकी लूक नोलन यांनी ती पुढे आहे हे पाहून शेवटच्या काही टापांना हात सैल सोडले. जिंकता जिंकता तिला दमवायचं नाही, ही सवय तिच्यावर बसून बसून लागलेली. घरच्या मैदानावर ही सवय खपून गेली असती. इथे फ्रान्सची मूनलाइट क्लाउड आणि रेस्तियादार्जां दोन्हीकडून भिडल्या. नोलनना चूक उमगली, त्यांनी पुन्हा हात चालवले, आणि ती डोकंभर फरकाने पहिली आली. व्हिडिओ थांबवून बघा. हात सैल झाल्यावर तिची टाप लगेच आखूड होते.

शर्यतीनंतर तपासणीत निघालं की तिच्या मागच्या भागातले स्नायू फाटलेले होते. घोड्यांचा डॉक्टर म्हणून मला सगळ्यात थक्क करणारी शर्यत हीच वाटते. सात-आठ लेंथने, म्हणजे तितक्या घोड्यांच्या लांबीने, जिंकलेल्या शर्यतीत घोड्याची ताकद दिसते. इथे ताकद संपल्यावर उरतं काय, ते दिसलं. त्यानंतर आठ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१३मध्ये, ती फ्लेमिंग्टनला परतली आणि १००० मीटर ५५.४२ सेकंदांत पळून तिथला जुना विक्रम मोडला.

नोलनना मात्र त्या दिवशी विजेता असून माफी मागावी लागली. जॉकीच्या नशिबी असंही येतं.

परळहून: एवढी वेगवान घोडी होती, तर डर्बीला का नाही उतरवली? दुप्पट अंतर, दुप्पट इनाम!

आपली इंडियन डर्बी २४०० मीटरची असते आणि स्प्रिंटर, म्हणजे कमी अंतराचा घोडा, १२००चा. शंभर मीटरच्या धावपटूला कुणी ‘आता दहा किलोमीटर पळ’ म्हणत नाही. घोड्याला मात्र सगळे म्हणतात.

फरक स्नायूंत असतो. झटकन आकसणारे तंतू जास्त असले तर स्फोटक वेग मिळतो, पण ते लवकर थकतात. डब्लिनच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१०मध्ये मायोस्टॅटिन नावाच्या जनुकाचा याच्याशी संबंध दाखवला. त्याचे दोन प्रकार, सी आणि टी. दोन्हीकडून सी मिळालेले घोडे बहुधा कमी अंतरात चमकतात, दोन्हीकडून टी मिळालेले लांब पल्ल्यात, आणि एकेक मिळालेले मधल्या. हे ‘बहुधा’ विसरू नका. मी रक्ततपासणीचा कागद हातात घेऊन घोडा विकत घेणारे मालक पाहिलेत. घोड्याने तो कागद वाचलेला नसतो.

हाँगकाँगच्या सायलेंट विटनेसचं उदाहरण घ्या. टोनी क्रूझ यांच्या तालमीतला हा स्प्रिंटर ओळीने १७ शर्यती जिंकला. मग २००५मध्ये त्याला १६०० मीटरला उतरवलं. हरला, तोही शॉर्ट हेडने, म्हणजे डोक्याहूनही कमी फरकाने. फक्त चारशे मीटर वाढले होते. त्याच वर्षी तो पुन्हा १२००वर आला आणि जपानची स्प्रिंटर्स स्टेक्स जिंकून गेला. मूडींनी चौदाशेच्या पुढे पाऊल का टाकलं नाही, ते यावरून समजावं.

आपल्याकडेही हे ओळखूनच इन्व्हिटेशन कप या मोठ्या शर्यतीच्या दोन दिवसांत वेगवेगळ्या घोड्यांसाठी वेगवेगळं ताट मांडलेलं असतं: स्प्रिंटर्स कप १२००, सुपर माइल १६००, स्टेयर्स कप ३०००. पण चहाच्या टपरीवर गप्पा निघतात त्या डर्बीच्याच. स्प्रिंटरचं कौतुक सव्वा मिनिटात संपतं, याची मला जरा खंतच आहे.

वरळीहून एक विद्यार्थिनी: कॉमेंटेटर नेहमी म्हणतो, अमुक घोड्याने शेवटच्या दोनशे मीटरला वेग वाढवला. तेव्हा एवढी ताकद येते कुठून?

फार चांगला प्रश्न. ताकद येतच नाही! वेग बहुतेक वेळा वाढत नाही.

१२०० मीटरच्या शर्यतीत घोडे गेटमधून सुटल्यावर पहिल्या काहीशे मीटरांतच सर्वोच्च वेगाला पोचतात. तिथून पुढे सगळेच मंदावतात. मागून मुसंडी मारणारा घोडा इतरांपेक्षा कमी मंदावत असतो. आपल्याला मात्र वाटतं, तो सुसाट सुटलाय. शेजारची लोकल ब्रेक लावते तेव्हा आपली गाडी पळायला लागल्यासारखी वाटते ना, तसंच.

आता मंदावणं का, ते बघू. आरामात उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला ३० ते ४० वेळा धडधडतं, भरधाव पळताना २२०च्या आसपास. त्याची प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतते, म्हणजे राखीव कुमक आधीच मैदानात आलेली असते. त्यात घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने. चौखूर धावताना तर एका झेपेला एकच श्वास, ताल पक्का बांधलेला. धाप लागली म्हणून दोन श्वास जास्त घेण्याची सोय नाही. ऑक्सिजन पुरत नाही, स्नायूंत आम्ल साचतं, झेप आखूड होते.

ब्लॅक कॅव्हियारचं मोठेपण मला इथे दिसतं. निव्वळ सर्वोच्च वेगाचा नोंदलेला विक्रम दुसऱ्याच घोडीच्या नावावर आहे. विनिंग ब्रू या घोडीने २००८मध्ये अमेरिकेत ४०२ मीटर ताशी ७०.७६ किलोमीटरच्या सरासरीने कापले. तिचं नाव तुम्ही ऐकलं होतं? ब्लॅक कॅव्हियार लांब झेपेची, आणि ती झेप शेवटपर्यंत फारशी आखूड व्हायची नाही. घरी मोबाइलवर करून पाहण्यासारखं काम: १२००च्या शर्यतीचा व्हिडिओ लावा आणि दर दोनशे मीटरच्या खांबाला वेळ लिहून काढा. जिंकणाऱ्याचे शेवटचे दोनशे बहुतेकदा त्याच्या स्वतःच्या दुसऱ्या दोनशेपेक्षा संथ निघतील.

माहीमहून एक आई: मुलाने वाचलं की ती घोडी पायाच्या दुखण्याने गेली. पायाच्या दुखण्याने इतका मोठा प्राणी कसा मरतो? त्याला काय सांगू?

खरं तेच सांगा, मुलांना झेपतं.

१७ ऑगस्ट २०२४ला, अठरावा वाढदिवस एका दिवसावर असताना, शिंगराला जन्म दिल्यानंतर थोड्याच वेळात तिला शांतपणे निरोप द्यावा लागला. आजार लॅमिनायटिस. घोड्याच्या खुरात एक हाड असतं. ते खुराच्या भिंतीला बारीक पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. ते पापुद्रे सुजून सुटू लागले की पाचशे किलोंचा भार हाडाला खाली ढकलतो. नखाखाली सुई गेल्याची वेदना प्रत्येक पावलाला, अशी कल्पना करा. शर्यतीशी याचा संबंध नसतो. जंतुसंसर्ग, पोटाचा बिघाड, प्रसूतीनंतरची गुंतागुंत, कशानेही होतं.

‘मग झोपवून ठेवा’ असं मुलगा म्हणेल. घोड्याला आठवडेच्या आठवडे झोपवता येत नाही, आतडी आणि फुप्फुसं बिघडतात. आणि एक पाय वाचवायला भार दुसऱ्यावर टाकला, तर दुसरा खूर जातो. २००६ची केंटकी डर्बी जिंकणारा बार्बारो असाच गेला. मोडलेल्या पायावर महिनोन्‌महिने उत्तम उपचार झाले, पण शेवटी खुरांनी दगा दिला. आमच्याकडे जुने नालबंद रोज सकाळी खुराला हात लावून ऊब बघायचे. थर्मामीटरच्या आधी त्यांना कळायचं.

लालबागहून: येत्या रविवारसाठी एखादी टिप?

देत नाही. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं, पण त्यात माझं कौशल्य किती, ते माझ्या बायकोला विचारा. यायचंच असेल तर पैजेच्या खिडकीऐवजी आधी पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याशी उभे राहा. स्प्रिंटरचे पुठ्ठे मागून बघा. लांब पल्ल्याच्या घोड्यापेक्षा, म्हणजे स्टेयरपेक्षा, ते भरलेले, गोलसर असतात. मोतद्दाराच्या हातातला घोडा घामाने फेसाळला असेल, तर त्याची शर्यत गेटच्या आधीच अर्धी पळून झाली असं समजा. मुंबईचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात यायचं तर पुण्याला.