स्ट्राँगमन स्पर्धांवर मुंबईत पोट भरतं का? (भाचा नोकरी सोडायची म्हणतोय)

नुसत्या बक्षिसांवर नाही. आधी हा खेळ बॉडीबिल्डिंग नव्हे, हे घरच्यांना सांगा. इथे सिक्स-पॅक कोणी बघत नाही. टायर उलटवणं, ट्रक ओढणं, गोल दगड उचलून ओट्यावर ठेवणं, हेच मोजतात. पोलंडचा मारियुश पुजियानोव्स्की 2002 ते 2008 दरम्यान पाच वेळा ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ झाला आणि 2009 मध्ये सरळ एमएमएत (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे-लाथा-कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींत) उतरला. अमेरिकेच्या ब्रायन शॉचं याच स्पर्धेच्या चार किताबांसोबत यूट्यूब चॅनलही जोरात. म्हणजे नाव खेळातून, कमाई बरीचशी बाहेरून.

लालबागला आम्ही चौघांनी पंक्चरवाल्याकडून ट्रकचा जुना टायर आणला होता. ठेवायचा कुठे? चाळीच्या जिन्याखाली ठेवला, तर सेक्रेटरीने दुसऱ्याच दिवशी नोटीस लावली. दगडासाठी हाताला लावायचा चिकटा खोबरेल तेलाने घासूनही दोन दिवस जात नाही. ऑफिसात फाईल हाताला चिकटून येते! आणि खुराक? घरचं अंड्यांचं बिल बघून आई गप्पच बसायची.

भाच्याने नोकरी धरूनच सुरुवात करावी, संध्याकाळी जिममध्ये ट्रेनर म्हणून दोन बॅच घ्याव्यात. आणि पाठ सांभाळ म्हणावं, बायसेप्सही. टायर उलटवताना तोच स्नायू तुटतो.